साफ आलेला फोटो

"फोटो काढा न भाऊ, साफ आला तं घरी नेतो," तानबा तिसऱ्यांदा म्हणाला.

त्याचा मुलगा आदेश बाकावर भिंतीला टेकून बसला होता. जाम गावच्या चौकाआधीच्या गतिरोधकावर मोटारसायकलवरून उडून डोक्यावर पडला होता. रक्त फारसं नव्हतं. एक उलटी झाली होती आणि आता डोळे मिटत होते. आदेशची बायको छाया त्याची चप्पल हातात धरून उभी होती. एकच. दुसरी रस्त्यावर राहिली.

"झोपू देऊ नका त्याले," एक्स-रेवाले किसनराव म्हणाले. "अन् डॉक्टरनं सांगतलं न, सीधे सावंगीच्या मोठ्या दवाखान्यात न्या, सीटी स्कॅन करा."

"मंग ही मशीन काऊन ठेवली? पूजा कराले?"

किसनराव हसले नाहीत. तीस वर्षं ते या दवाखान्यात एक्स-रे काढत होते. आपल्या लोकांचा फोटोवर भारी विश्वास. डॉक्टरचं नुसतं ऐकावं लागतं, फोटो पाहता येतो. उन्हात धरायचा, रेघ शोधायची, नाही सापडली की घरी जाऊन वरणभात खायचा.

त्यांनी कपाटातून खाकी पाकीट काढलं आणि एक जुना फोटो भिंतीवरच्या उजेडाच्या पेटीला लावला. "पाहा. फुटलं हाय कुठी?"

तानबाने अगदी नाक टेकवून पाहिलं. "नाई. एकदम साफ. पाह्य छाया, असा आला का फिकीर नाई."

"मीबी हेच म्हणलं होतं. फोटोत हाड दिसते. आतमंधी रक्त साचते, थे नाई दिसत. फोटो काढला, चहा पेली, झोपली. मले वाटलं, थकली असन."

"कोण?"

"माही बायको. विमल."

'श्वास रोखा, सोडा' म्हणतात त्याच आवाजात ते हे म्हणाले. विमलाबाईंना जिवंतपणी ओळखणारे जामला थोडेच; त्यांचं डोकं आतून पाहिलेली मात्र, किसनरावांच्या मोजणीप्रमाणे, आजवर चौसष्ट घरं.

तानबा पेटीपासून मागे सरला. छायाने बोट दाखवलं. "हे पांढरं काय व्हय?"

"केसातली पिन. फोटोच्या आधी काढा लागते. साऱ्याइले सांगतो. त्या दिवशी राह्यली."

छायाने आदेशच्या काखेत हात घातला आणि सासऱ्याकडे वळली. "मामाजी, गाडी सांगा. सावंगीले."

तानबा जीप बोलवायला बाहेर धावला.

जीप सावंगीच्या बाजूला वळेपर्यंत किसनराव दारात उभे होते. मग त्यांनी फोटोवरचा तानबाच्या नाकाचा डाग सदऱ्याच्या टोकाने पुसला आणि फोटो पाकिटात घातला. पाकिटावर त्यांच्याच अक्षरात होतं: विमल, वय एकतीस, नॉर्मल.

पुढची बाई मनगट धरून आत आली.

"केसात पिन हाय का?"

"भाऊ, हात मोडला माहा."

"हाव. पिन काढा."

दुसऱ्या हाताने तिला ती काढता येईपर्यंत ते थांबून राहिले.