दोन बोटं डाळिंबी

कार्तिकातली दुपार होती. निवळ, निष्कंप, जराशी निष्ठुर. कोल्हापुरातल्या त्या अरुंद गल्लीत ऊन तिरकं उतरलं होतं. गणपत मेस्त्रींच्या दुकानात टांगलेल्या रिकाम्या चौकटींतून सुवर्णधूळ संथ, स्वप्नस्थ फिरत होती. चौकटी, चौकटी, चौकटी. आणि चेहरा एकीतही नाही.

त्या चेहराहीन चौकटींखाली कुमुदिनीबाई बसल्या होत्या. साठी उलटलेल्या, ताठ कण्याच्या, तीक्ष्ण नजरेच्या. मांडीवर आईचं चित्र, अण्णांनी, त्यांच्या वडिलांनी, जलरंगात काढलेलं. नदीकाठी उभी एक कृशांगी. राखी लुगडं, राखी पाणी, राखी आकाश. आई गेली तेव्हा त्या दीड वर्षांच्या होत्या. त्यांची आई एवढीच, या काचेआडची. त्या काचेआड आता तपकिरी डाग चढू लागले होते.

“ठेवून जा ताई, परवा न्या,” मेस्त्री म्हणाले.

“नाही. माझ्या डोळ्यांसमोर उघडा.”

अण्णांचं दुसरं एक चित्र असंच कुठे मढवायला गेलं होतं आणि परत आली होती हुबेहूब नक्कल. पण बाईंच्या संशयाचं मूळ त्याहून खोल होतं. “तुझी आई या घरात कधी हसली नाही गं,” आत्या म्हणायची, आणि भिंतीवरचं चित्र मुक्यानं मान डोलवायचं. ज्या हातांनी तिला अशी राखेत उभी केली, त्या हातांनी तिला जगवलं तरी कसं असेल? बाईंनी अण्णांना कधी विचारलं नाही. चाळीस वर्षांपूर्वी अण्णा गेले तेव्हा त्या रडल्याही नाहीत.

मेस्त्रींनी पाठीचे खिळे उपसले. पुठ्ठा निघाला, भुसभुशीत, काळपट, आंबूस वासाचा.

“हाच खातोय चित्राला. आम्ल असतं यात. हा पांढरा घालू, बिनआम्लाचा. चित्र जगंल.”

गोड बोलणं! बाईंनी पांढरा पुठ्ठा नखानं खरवडला, हुंगला, उजेडात धरला. मेस्त्रींच्या बोटांवर त्यांची नजर घारीसारखी घिरट्या घालत राहिली. हात गल्ल्याकडे गेला, नजर गल्ल्याकडे. हात पातीकडे गेला, नजर पातीकडे.

मग चित्राभोवतीचं माउंट, ती खिडकी कापलेली पुठ्ठ्याची कड, मेस्त्रींनी अलगद उचललं.

आणि खाली रंग होता.

चारी बाजूंनी, दोन बोटं रुंद. वर आकाशाची निळी, खाली पाण्याची हिरवी रेघ. उजवीकडे वाऱ्यावर उडालेल्या पदराचं टोक. राखी नव्हे, डाळिंबी! रसरसतं, ज्वालावर्णी डाळिंबी.

बाई ताडकन उठल्या. “हा रंग तुम्ही लावलात!”

मेस्त्री रागावले नाहीत. “मघापासनं तुमची पापणी तरी लवली का ताई? मग लावला कधी मी?”

लवली नव्हती. खरंच नव्हती. जन्मभराचा संशय आज प्रथमच साक्षीला उभा राहिला, आणि नेमका उलटा बोलला.

“टांगलं कुठं होतं?”

“पश्चिमेच्या खिडकीसमोर.”

“मग उन्हानं नेला. लाल सगळ्यात आधी जातो, मागनं निळा-हिरवा. चार-दोन वर्षांत संपला असंल. माउंटखाली ऊन पोचलं नाही, तेवढा राहिला.”

चार-दोन वर्षं. त्यांना पाहण्याची समज येण्याआधीच.

राखेत उभी केली होती ती उन्हानं. अण्णांनी तिला डाळिंबी नेसवलं होतं; निळ्या आकाशाखाली, हिरव्या पाण्याकाठी, वाऱ्यावर पदर सोडून. चाळीस वर्षं उशिरानं बाईंचे डोळे भरून आले. “अण्णा,” त्या पुटपुटल्या, आणि मेस्त्रींनी उगीचच पाती पुसायला घेतली.

मग मेस्त्रींनी माउंटचे तुकडे मांडले. हस्तिदंती, मोतिया, धूसर. “रुंद घेऊ. ही पट्टी झाकली जाईल, चित्र एकसारखं दिसंल.”

“झाकू नका. खिडकी मोठी कापा.”

“विजोड दिसंल, ताई.”

“दिसू दे.”

हस्तिदंती तुकड्यावर बोट ठेवून त्या निघाल्या. रिकाम्या हातांनी. उंबऱ्यावर क्षणभर थबकल्या. पण मागे वळून पाहिलं नाही.

मेजावर, राखेच्या नदीकाठी, ती उभी होती. आणि तिच्या पदराच्या टोकाशी डाळिंब फुटत होतं, दाण्यादाण्यानं, ओलं, लालजर्द.