शेवटचा हलगीवाला

ज्ञानूच्या पदरात पडायचं होतं ते एवढं: महिन्याला पाच हजार मानधन, एक शाल आणि कोल्हापूरच्या सभागृहात पहिल्या रांगेतली खुर्ची. मानधनाचा आनंद होताच, पण जीव अडकला खुर्चीत. पंचावन्न वर्षं मुरगुडात वरातीपुढं, कुस्तीच्या फडात उभ्यानं हलगी वाजवली. "बस" म्हणून कुणी म्हटलं नव्हतं.

बदल्यात द्यायचा होता फक्त एक आकडा. लोककला वाचवणाऱ्या मंडळाचे अभिनंदन चौगुले अर्ज भरत होते.

"ज्ञानूमामा, सवाल-जवाबाची हलगी वाजवणारे किती उरलेत?"

"मी हाय, आन् माझी नात हाय की, पूर्णिमा. आठ वर्सं शिकतीया."

अभिनंदनचं पेन थांबलं. "दोन लिहिलं की कला जिवंत ठरते, मामा. जिवंताला कोण पैसे देतंय? एक लिहूया. शेवटचा."

ज्ञानूनं दाराकडं पाहिलं. पूर्णिमा चहा घेऊन उभी होती, सगळं ऐकत.

"कागदावरच की गं," तो म्हणाला.

"लिवू द्या," म्हणत तिनं कप ठेवले. एवढ्या स्वस्तात होकार मिळाला म्हणून ज्ञानू खूश झाला.

अर्जाच्या पाहणीला दिल्लीहून सरकारी मंडळी आली. पूर्णिमानं उसाच्या पाचटाचा जाळ करून हलगी तापवून दिली आणि बाजूला झाली. ज्ञानूनं सवाल टाकला. रीत अशी, की सवाल एकानं टाकायचा, जवाब दुसऱ्यानं द्यायचा. आपल्याच सवालाला आपणच जवाब देणं म्हणजे आरशाशी कुस्ती. तो थांबला. जवाबाची जागा रिकामी गेली. पुन्हा टाकला. पुन्हा रिकामी.

आणि मंडळींनी टाळ्या वाजवल्या! एका बाईंचे तर डोळे भरून आले. "ही शांतता टिपा, ही शांतता!" म्हणत एकानं कॅमेरावाल्याला पुढं ढकललं. न वाजण्याला टाळी पडलेली ज्ञानूनं जन्मात पाहिली नव्हती.

खुर्ची मिळाली, शालही मिळाली. महिन्याभरानं गावची जत्रा आली. फडात तोबा गर्दी, दोन पैलवान भिडलेले. ज्ञानूनं सवाल टाकून सवयीनं मान वळवली. पूर्णिमाच्या गळ्यात हलगी होती, काड्या मात्र कमरेला खोचलेल्या.

"वाजीव की पोरी!"

"कशी वाजवू, आज्जा? मी न्हाईच की. वाजीवली तर सरकारदरबारी खोटं पडशीला."

"आगं, त्ये कागदावरचं..."

"मग मीबी कागदावरचंच करतीया." तिनं हलगी उतरवून त्याच्या पायाशी ठेवली. "सोमवारपास्नं गडहिंग्लजात कापडदुकानात लागतीया."

ज्ञानूचा हात वरच्या वर राहिला. गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "ज्ञानूमामा, झोपलासा व्हय?"

हिशेब मिटला तो असा: ज्ञानूला खुर्ची, अभिनंदनला अहवालात एक यशस्वी नोंद, दिल्लीकरांना चार मिनिटांची शांतता. किंमत मोजली ती पूर्णिमाच्या आठ वर्षांनी. आणि अर्जातला तो खोटा आकडा त्या दुपारी, सगळ्या फडादेखत, खरा झाला.