भिंगारची सोळा पाकिटं

'शेंगदाणा नाही' हे दोन शब्द पंकजाने लेबलवर टाकले ते निव्वळ जाहिरातीसाठी, आणि तेव्हा ते खरेही होते. राजूरच्या त्यांच्या बचत गटातल्या आठ जणी नागलीचं, म्हणजे नाचणीचं, सत्त्व करत. मोड आणायचे, वाळवायचं, भाजायचं, दळायचं. त्यात शेंगदाण्याचा संबंधच नव्हता.

आधी सगळा माल बाजारात जायचा. बी.कॉम. झालेल्या पंकजाने वर्षभरापूर्वी तो मोबाईलवर आणला, तोही फुकटात. पोस्टर फुकटच्या साइटवर केलं, ऑर्डरचा फॉर्म फुकटचा, आणि जिथे जिथे जाहिरात टाकायची तिथली छोटी लिंक वेगळी. फेसबुकची वेगळी, व्हॉट्सअ‍ॅपची वेगळी. कुठल्या वाटेने किती माणसं आली ते आकड्यात दिसायचं. एकदा तिने 'साखर नाही, शेंगदाणा नाही' अशी ओळ टाकून पाहिली, तर त्या लिंकवर नेहमीच्या तिप्पट माणसं आली. खूश होऊन तिने तीच ओळ पाकिटावर छापली.

सोमवारी सकाळी छबूबाई आल्या. गटातल्या सगळ्यात मोठ्या, एरवी दारातूनच हाका मारत येणाऱ्या. आज उंबऱ्यापाशीच उभ्या राहिल्या.

"पंकजा, एक सांगायचं हाय. रागावू नको."

"आत तर या मावशी. काय झालं?"

"मागल्या मंगळवारी सत्त्व दळायच्या आदी म्या त्याच चक्कीत चटनीचे शेंगदाणे काढले. घाईत चक्की पुसलीच न्हाई. तवा काय वाटलं न्हाई बघ. काल नातीनं पाकिटावरचं वाचून दाखवलं, तवा ध्यानात आलं."

तिप्पट माणसं का आली होती, हे तिला आता पुरतं कळलं. संगमनेरच्या एका बाईने तर फॉर्मवर लिहिलंच होतं, 'मुलाला शेंगदाण्याने दम लागतो, म्हणून तुमचंच घेतेय.'

छबूबाई गप्प राहिल्या असत्या तर कुणाला पत्ताही लागला नसता. म्हणूनच पंकजाला त्यांच्यावर रागावता येईना. तिने त्यांना हाताला धरून खाली बसवलं आणि फॉर्मची यादी उघडली.

त्या दिवशीच्या दळणाची चोपन्न पाकिटं निघाली होती. अडतीस फॉर्मवरून तेवढ्याच घरी गेलेली. त्यांचे नंबर होते. पहिला फोन संगमनेरला लावला. ऐकून ती बाई म्हणाली, "पाकीट परवाच आलंय. अजून फोडलेलं नाही." आणि तिने मोठा सुस्कारा टाकला. दुपारपर्यंत अडतीसही घरं झाली. कुणी चिडलं, कुणी आभार मानले. कुठेच काही बिघडलेलं नव्हतं.

उरली सोळा. ती शनिवारी भिंगारच्या प्रदर्शनात स्टॉलवर सोळा जणांना रोखीने विकलेली. ना नाव, ना नंबर.

"भिंगार का ल्हान हाय?" छबूबाई म्हणाल्या. "आता काय दवंडी पिटायची?"

तेव्हा पंकजाला पाकिटावरचा स्टिकर आठवला. त्यावरचा चौकोनी कोड मोबाईलने स्कॅन केला की सत्त्व कसं शिजवायचं त्याचं पान उघडायचं. स्टॉलवर कितपत फायदा होतो ते कळावं म्हणून भिंगारच्या पाकिटांना तिने निराळा कोड लावला होता. आणि ते पान तिच्याच हातात होतं. तिने सगळी कृती पुसली आणि मोठ्या लाल अक्षरांत लिहिलं: 'थांबा. या पाकिटात शेंगदाण्याचा अंश असू शकतो. ज्यांना चालत नाही त्यांना देऊ नका. खालच्या नंबरवर फोन करा, पाकीट बदलून देऊ.' तेच प्रदर्शनवाल्यांच्या ग्रुपवरही टाकलं.

संध्याकाळपर्यंत नऊ फोन आले. मंगळवारी दुपारपर्यंत पंधरा. सोळावा येईना. छबूबाई सकाळपासून तिथेच बसून होत्या. दर थोड्या वेळाने विचारत, "वाढला का गं आकडा?"

चारच्या सुमारास भिंगारच्या कोडचा आकडा एकने वाढला. म्हणजे आत्ता, या घडीला, कुणीतरी ते पान वाचत होतं. दोघी मोबाईलकडे बघत राहिल्या. एक मिनिट गेलं, दोन गेली. आणि फोन वाजला.

"राजूरच्या सत्त्ववाल्या ना? मी मरियम बोलते, भिंगारहून." त्या घाईघाईने सांगू लागल्या. "किती दूध घालायचं ते बघायला उघडलं हो मी. दूध गॅसवर आहे. माझी नात नॅन्सी वाटी घेऊन बसलीये. मागच्या वर्षी चिक्कीचा तुकडा खाल्ला तर ऑक्सिजन लावावा लागला होता तिला."

"दिलं नाही ना तिला?" पंकजाने कसंबसं विचारलं.

"नाही, नाही. पाकिटाला कात्रीसुद्धा लावली नव्हती."

छबूबाईंनी फोन आपल्या हातात घेतला.

"बाई, चूक माजी हाय. ह्या पोरीची न्हाई."

मरियम म्हणाल्या, "चूक कुणाचीही असो. तुम्ही कळवलंत. लेकरू माझ्यासमोर हसतंय, मला एवढं पुरे."

फोन ठेवल्यावर छबूबाई पदरात तोंड घालून रडल्या. मग डोळे पुसून एकदम म्हणाल्या, "सत्त्वाची चक्की आता येगळी. तिला दुसरं काय लावू द्यायची न्हाई मी कुनाला."

"आणि ती चक्की येईतोवर 'शेंगदाणा नाही' ही ओळ लेबलवर नाही," पंकजा म्हणाली.

"नगंच."

कालपासून आपण धड जेवलोच नाही, हे पंकजाच्या आत्ता ध्यानात आलं. तिने टोपल्यातल्या दोन भाकरी काढल्या, एक छबूबाईंच्या हातावर ठेवली, आणि दोघी जणी चुलीपाशी बसून गार पिठल्याशी चवीने खाऊ लागल्या.