हळदीचं रक्त

"चपला बाहेर, शंका बाहेर!" भगवान भगत ओरडला की बमरोलीतल्या त्या पत्र्याच्या शेडमधली गर्दी चिडीचूप व्हायची. मग तो बाईच्या पोटावर पिवळा कपडा टाकायचा, "बोल, कोण खातंय हिचं लेकरू?" म्हणत तीर्थ शिंपडायचा आणि कपड्यावर लालभडक रक्त उमटायचं. कापडाच्या लूमवरून, पाळी संपवून थेट आलेली माणसं हात जोडायची.

धनश्रीच्या पोटावरही ते उमटलं होतं. तीन गर्भ गेले होते. चौथ्याला तिसरा महिना. डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासून सांगितलं होतं, "रोगांशी लढणारी शरीराची फौज चुकून तुझ्यावरच उलटलीय. त्यामुळे वारेत रक्ताच्या गुठळ्या होतात, बाळाचं पोषण तुटतं. रोज सुई घ्यावी लागेल. खात्री देत नाही, पण आशा चांगली आहे."

शेजारच्या मंगलाबाई नर्स होत्या. रोज सकाळी येऊन त्याच सुई द्यायच्या.

"सुई टोचणारीचीच नजर आहे," भगत म्हणाला. सासूनं, रुक्मिणीनं, मंगलाबाईंना उंबरा बंद केला. धनश्रीनंही सुई सोडली. रक्त तिनं डोळ्यांनी पाहिलं होतं ना!

पाचव्या महिन्यात बाळाचे ठोके थांबले.

दवाखान्यातून आल्यावर तिनं उशाखालचा कपडा धुवायला काढला. भगतानं राखण म्हणून दिलेला, पिवळाधमक, तीर्थ न लागलेला. साबण लागला मात्र, कपडा लाल झाला. धनश्री मोरीतच बसली. हळदीच्या डागाला साबण किंवा चुना लागला की तो लाल होतो, हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं. भगताचं तीर्थ म्हणजे चुन्याची निवळी.

गुरुवारी तिनं शेडमध्ये सगळ्यांसमोर हळदीचं फडकं पसरून त्यावर चुन्याचं पाणी ओतलं. फडकं लाल झालं.

"हिच्या अविश्वासानं तीर्थ बाटलं!" भगत किंचाळला.

"गप बस, देवना कोप व्हई!" सासूनं तिचा दंड धरला.

"कोप व्हायचा तो होऊन गेला, आई. माझं बाळ सुई बंद केल्यावर गेलं. सुईनं वाचलंच असतं असं नाही म्हणत. पण ती संधी मी या लाल डागापायी घालवली."

दोन बायका उठून गेल्या. बाकीच्यांनी त्यांची जागा धरली. पुढच्या रांगेत एक पोटुशी पोर बसली होती. धनश्री तिच्यापुढे वाकली.

"औषध चालू आहे ना? ते सोडू नकोस. घरी हळदीला चुना लावून बघ. डॉक्टरांना हजार प्रश्न विचार, यालाही विचार. जो उत्तर देईल, त्याचं ऐक."

पोरीनं शेजारी बसलेल्या सासूकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

"पुढची!" भगत म्हणाला. ती पोर उठली.