दाइकिरीतलं मीठ

मोठे शोध टंचाईतून लागतात, असं समीक्षा मॅडम गंभीरपणे म्हणाल्या. परशुरामचा अख्खा जन्म टंचाईत गेला होता आणि त्यातून त्याला आजवर फक्त पित्ताचा त्रास लागला होता. तरी त्याने मान हलवली. पोटाचा प्रश्न असला की माणूस इतिहासालाही मान डोलावतो.

ठाण्यात, माजिवड्याच्या ‘जागृती’ परमिट रूममध्ये तो तीसेक वर्षं काउंटरमागे उभा होता. नाव जागृती असलं तरी गिऱ्हाईक तिथं शुद्ध घालवायलाच येई. आता मालक काळुरामशेठनी बार मुलाच्या, हर्षितच्या, हाती दिला होता आणि हर्षितला तिथं लाउंज करायचं होतं. कॉकटेल शिकवायला त्याने मुंबईहून या मॅडम आणल्या. “शुक्रवारी दाइकिरी करून दाखवा काका, मग बघू,” तो म्हणाला. पन्नाशी उलटल्यावर ‘मग बघू’ या शब्दांवर झोप लागत नाही. परशुराम नौपाड्यातल्या दोन-तीन बारमध्ये विचारूनही आला. सगळ्यांनी आधी वय विचारलं, मग चहा.

“क्यूबात दाइकिरी नावाचं गाव,” मॅडम सांगत होत्या. “लोखंडाच्या खाणी. तिथल्या एका अमेरिकन इंजिनिअरकडे पाहुणे आले आणि नेमकी जिन संपलेली. घरात फक्त रम. मग त्याने लिंबू पिळलं, साखर घातली. असं सांगतात.”

“म्हणजे पाहुणे आले आणि घरात काही नव्हतं.”

“करेक्ट!”

“आमच्याकडं अशा वेळी चहा टाकतात, मॅडम.”

मॅडम हसल्या नाहीत. दोन भाग पांढरी रम, एक भाग लिंबाचा रस, त्याहून थोडा कमी साखरेचा पाक. शेकरमध्ये बर्फ घालून तो बाहेरून पांढरा पडेपर्यंत हलवायचा आणि थंड ग्लासात गाळायचं. “तीनच गोष्टी आहेत. चूक लपवायला जागा नाही.”

घरी त्याने रमऐवजी पाणी आणि शेकरऐवजी प्लास्टिकची बाटली घेऊन सराव केला. बायकोने, गोदाने, घोट घेऊन तोंड वाकडं केलं.

“मीठ कुठाय?”

“यात मीठ नसतं.”

“लिंबूसाखरेत मीठ नसतं? कोण पितं मग असलं?”

“श्रीमंत लोक.”

“बीपी असंल त्यांना,” गोदा म्हणाली आणि चिमूटभर मीठ टाकून तिने ते संपवलं. साखर वाया घालवणं तिच्या धर्मात बसत नव्हतं.

शुक्रवारी हर्षित समोर मोबाइल धरून उभा राहिला. परशुरामने शेकरमध्ये बर्फ टाकला. रम झाली, लिंबू झालं, पाक झाला. आणि झाकण लावता लावता त्याची तीन बोटं चकण्याच्या मिठात जाऊन आली. चिमूट शेकरमध्ये पडली. लिंबू पिळल्यावर मीठ, हे बोटांना आईने शिकवलं होतं. बोटांनी परशुरामला विचारलंच नाही.

शूटिंग चालू होतं. त्याने जीव खाऊन शेकर हलवला, ग्लास भरला.

“घ्या शेठ.”

“मी कुठं घेतो काका? माळ आहे ना.” हर्षितने कॉलरमधून तुळशीची माळ काढून दाखवली. “लूक एक नंबर पण!”

इथं गप्प बसलं तर निभावेल, असं परशुरामला वाटलं. पण तोंड उघडलंच.

“शेठ, मीठ पडलं चुकून. दुसरी करतो. मॅडमना विचारा, परवा बरोबर केलेली मी.”

“राहू दे ना. बाबा बोलले एक चान्स दे, म्हणून दिला. काउंटरला पोरगी ठरलीय आधीच. तुम्ही पार्किंग बघा. मोकळी हवा.”

“रोज शंभर करीन, शेठ. नाही पडणार मीठ.”

“अरे काका, टेन्शन कशाला घेता?” हर्षित व्हिडिओ पुन्हा बघत म्हणाला.

परशुरामने ग्लास सिंकमध्ये ओतला. धुतला, उजेडात धरून पुसला आणि उलटा ठेवला.

दिवाळीत लाउंज सुरू झालं. दाइकिरी तिथं तयार बाटलीतून येते. झाकण फिरवायचं आणि ओतायची.