माल उपलब्ध नाही

बारकीचा दिवस सुरू व्हायचा तेव्हा दुकानाचा बराचसा दिवस उलटून गेलेला असायचा. ती सहाला उठायची तेव्हा तिकडे साडेदहा वाजलेले असत. ती चहा टाकेपर्यंत काकूने वीसेक पाकिटं चिकटवलेली असायची, आणि चहा पिऊन ती लॅपटॉप उघडेपर्यंत जे काही बिघडायचं ते बिघडून झालेलं असायचं. चार वर्षं तिचं हेच चाललं होतं. साडेचार तास मागे राहून पुढच्या माणसांना कामं सांगायची. सुटलेल्या बसला मागून हात करावा, तसं.

दुकान म्हणजे काकांच्या घरातली मागची खोली, तीन लोखंडी रॅक, एक वजनकाटा, लेबलं छापायचं एक यंत्र आणि एका मोठ्या साइटवरचं एक पान. विकायचे ते स्वयंपाकघरातल्या यंत्रांचे सुटे भाग. कुकरच्या रिंगा, शिट्ट्या, मुठी, मिक्सरची पाती, झाकणं. काकांनी चाळीस वर्षं दुरुस्तीचं दुकान चालवलं होतं. मालकाने गाळा विकला आणि उरलेला माल पोत्यांत भरून घरी आला. त्याच वर्षी बारकी नोकरी सोडून नवऱ्याच्या मागे या देशात आली. ते तिथे रिकामे, ती इथे रिकामी. ऑनलाइन विकायची कल्पना तिची. माल आणि हात त्यांचे. पाच चुलतभावंडांत ती सगळ्यांत धाकटी, म्हणून बारकी. आता अडतीस वर्षांची होती, पण त्या घरात अजून बारकीच.

त्या सोमवारी साइटचा निरोप आला होता. तिने तो उभ्यानेच वाचला आणि मग खाली बसून पुन्हा वाचला. महिन्याला दोनशेच्या आसपास ऑर्डरी. त्यांतल्या आठ दुकानाकडून रद्द झाल्या, तर दुकानाचं पान नव्वद दिवस बंद. सात झाल्या होत्या. महिना शुक्रवारी सकाळी संपत होता.

तिने सातही उघडून पाहिल्या. सगळ्यांवर कारण एकच होतं: माल उपलब्ध नाही. पण माल होता. रिंगांचे दीडशे नग पडून होते, मुठींचा तर खच होता. माल कुठे कमी पडला हे तिला कळेना, आणि न कळणारी गोष्ट तिला सोसवत नसे. नव्वद दिवसांनी पान पुन्हा उघडलं, तरी ते यादीत इतकं तळाला गेलेलं असतं की कुणाला दिसत नाही. या देशात तिचं म्हणावं असं तेवढं एकच होतं. घर कंपनीचं, गाडी नवऱ्याची, शेजारी एकमेकांना मान हलवून जाणारे.

तिने काकूला फोन लावला.

"काकू, रिंगा संपल्यात का गं?"

"रिंगा? छे. पाय ठेवायला जागा नाही."

"मग सात ऑर्डरी रद्द कशा झाल्या?"

काकूच्या बाजूने चिकटपट्टी ओढल्याचा लांबलचक आवाज आला. "ते तू त्यांनाच विचार बाई. मी आपली पट्टी लावते."

"तुला माहितीये."

"माहिती असायला काय, मी घरातच असते. पण मी सांगितलं की मग आमच्यात दोन दिवस अबोला. तुझं काय जातंय, तू तिकडे."

मागे एकदा एका गिऱ्हाइकाने रिकामं पाकीट आल्याची तक्रार केली, तेव्हा बारकीने त्या खोलीत कॅमेरा बसवून घेतला होता. त्यानंतर तो तिने क्वचितच पाहिला. आपल्याच काकांवर नजर ठेवायची, हे तिला बरं वाटत नसे. त्या दिवशी तिने तो लावला.

काका स्टुलावर बसले होते. चष्मा कपाळावर, एका हातात ऑर्डरचं लेबल, दुसऱ्या हाताने फोन कानाला.

"नाही नाही, पैसे नकोत हो. मी विचारतोय, वाफ कुठून जाते? मुठीच्या बाजूने की समोरून? मुठीच्या बाजूने ना. मग रिंगला काही झालेलं नाही. झाकणाचा काठ चेपलाय. कधी पडलं होतं का? बघा. एक लाकडी दांडा घ्या... घरात कुणी आहे का धरायला?"

हे सतरा मिनिटं चाललं. शेवटी काका म्हणाले, "थांबली ना वाफ? मग रिंग कशाला घेताय. तुम्ही काही करू नका, मी इकडून करतो रद्द." त्यांनी फोन बोटभर अंतरावर धरला आणि डोळे बारीक करून पडद्याकडे पाहिलं. बारकी खुर्चीतून उठली. तिने ताबडतोब फोन लावला.

"काका, थांबा. काही दाबू नका."

"अरे, बारके. तुला कसं कळलं मी काही दाबतोय?"

तिने लॅपटॉपचा आवाज कमी केला. मग म्हणाली, "कॅमेरा आहे ना."

"हां. तो होय." काकांनी वर पाहिलं आणि कॅमेऱ्याला हात केला. रागावले नाहीत. त्यानेच तिला जास्त लागलं.

मग सगळं बाहेर आलं. ऑर्डर आली की काका पत्ता बघत, काय मागवलंय ते बघत, आणि शंका आली की लेबलावरच्या नंबरवर फोन लावत. दहांतल्या आठांना ती वस्तू खरंच हवी असायची. उरलेल्या दोघांचं काम नुसत्या सांगण्याने होऊन जायचं.

"आणि रद्द तुम्ही का करता? त्यांनी त्यांची केली तर आपल्या नावावर लागत नाही."

"त्यांना कशाला त्रास? चूक त्यांची नाही, आपणच फोन केलेला. यंत्र चार कारणं विचारतं. पहिलं दाबलं की काम होतं."

"पहिलं 'माल उपलब्ध नाही' आहे."

"असेल. अक्षर किती बारीक ते बघ."

बारकीने डोळे मिटले. सकाळचे सात वाजले होते आणि तिला संध्याकाळ झाल्यासारखं वाटत होतं. तिने आठचा नियम समजावला. नव्वद दिवस समजावले. काकांनी सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे ज्याला नको आहे त्यालाही विकायचं?"

"त्याने मागवलंय, काका. आपण पाठवायचं. दुकानाची पद्धत आहे ती."

"दुकानाची पद्धत आता मला तू शिकव. अगं, चाळीस वर्षं बसलो मी. आज नाही घेतलं तरी गिऱ्हाईक उद्या परत येतं. खरं सांगणाऱ्याकडेच येतं."

"तुमच्याकडे यायचं. आपल्याकडे येत नाही. आपण कोण हेसुद्धा त्याला माहीत नसतं. ते साइटचं गिऱ्हाईक आहे, आपलं नाही."

हे बोलताना आपला आवाज साइटच्या निरोपांसारखा लागतोय, हे तिच्या लक्षात आलं. काका म्हणाले, "बरं. तू म्हणतेस तर तसं." आणि त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला.

त्याच दिवशी तिने लेबलावर गिऱ्हाइकाचा नंबर छापणं बंद केलं. पडद्यावरच्या चौकटीतली एक खूण काढायचं काम होतं.

नवरा जेवताना म्हणाला, "एखादा गोदामवाला बघ ना. माल ठेवतो, पाठवतो, बोलत नाही."

"काका काय करतील मग?"

"तू दुकान चालवतेस की काकांना?"

तिने ताटं उचलायला घेतली. प्रश्न चुकीचा नव्हता. तिला उत्तर शोधायचा कंटाळा आला होता.

मंगळवारी, बुधवारी सगळं सुरळीत झालं. यादीबरहुकूम पाकिटं निघाली, कुरियरवाला दोन फेऱ्यांऐवजी एकीतच घेऊन गेला. काकू म्हणाली, "खोलीत असे बसतात, जसं काही डॉक्टरांकडे नंबर लावलाय." रद्द ऑर्डरींचा आकडा सातवर थांबला. बारकी दर तासाला तो उघडून बघे. तो हलला नाही की हायसं वाटायचं, आणि हायसं वाटलं की आणखीच दमल्यासारखं व्हायचं.

गुरुवारी काकांनी स्वतः फोन केला. ते सहसा करत नसत.

"बारके, सहा कपलर मागवलेत एका बाईंनी."

कपलर म्हणजे मिक्सरच्या मोटरीवर बसणारी, भांड्याला फिरवणारी दातेरी चकती.

"माहितीये. चांगलं गिऱ्हाईक आहे. दोन महिन्यांत तिसरी ऑर्डर. मी सूट पाठवली होती त्यांना."

"सूट पाठवलीस?" काका हसले, पण नेहमीसारखे नाही. "अगं, घरात एका मिक्सरला कपलर पाच-पाच वर्षं जात नाही. तिसऱ्यांदा मागवतात म्हणजे त्यांच्या मोटरीचा दांडा वाकलाय. चकत्या लावत जातील, त्या तुटत जातील, आणि एक दिवस चालू यंत्रावरून भांडं उडेल. आत पातं असतं. नंबर दे मला."

"काका, उद्या सकाळपर्यंत थांबा. महिना संपला की..."

"कुरियर चारला येतो. पाठवू की ठेवू? ठेवलं तर उशीर म्हणून धरतील, पाठवलं तर त्या लावतील. तू सांग. आता तूच सांगायचं ठरलंय ना."

तिने घड्याळ पाहिलं. तिथे सव्वातीन झाले होते.

"मी बोलते त्यांच्याशी," ती म्हणाली. काकांना नंबर दिला तर ते सवयीने रद्द दाबतील, ही एक भीती. गिऱ्हाइकाला परस्पर फोन करणंच साइटच्या नियमात बसत नाही, हे तिला ठाऊक होतं, ही दुसरी. निदान आपण नीट, मोजकं बोलू, असं तिला वाटलं.

पहिल्यांदा बाईंनी उचलला नाही. दुसऱ्यांदाही नाही. तिसऱ्या वेळी उचलला.

"नमस्कार, आपल्या ऑर्डरसंदर्भात बोलत होते. आपण सहा कपलर मागवलेत, तर आमची अशी विनंती होती की ते आपण घेऊ नयेत."

"काय?"

"म्हणजे आपल्या मिक्सरमध्येच दोष असण्याची शक्यता आहे."

"तुम्ही कोण? हा नंबर कुठला?"

तिने देश सांगितला.

"तरीच," बाई म्हणाल्या. "दुकानवाले कधी वस्तू घेऊ नका म्हणतात का? आता ओटीपी मागाल, हो ना? माझ्या जावेला असंच फसवलं. लाज वाटत नाही, बाईमाणूस असून?"

फोन बंद झाला. दोन मिनिटांत ऑर्डरसमोर लाल अक्षरं उमटली: ग्राहकाने रद्द केली. दुकानाच्या नावावर काही लागलं नाही. बारकी त्या ओळीकडे बघत बसली. तिला जे हवं होतं ते झालं होतं, आणि त्या बाई एव्हाना दुसऱ्या कुठल्या तरी दुकानातून सहा कपलर मागवत असणार होत्या.

शुक्रवारी महिना संपला. सातच. साइटने हिरवी खूण पाठवली. तिने काकांना फोन केला.

"वाचलो आपण."

"छान झालं. त्या बाईंना सांगितलंस?"

मग तिला सगळं सांगावं लागलं. ओटीपीपर्यंत आल्यावर काकूचं हसू मागून ऐकू आलं. काका हसले नाहीत.

"सुरुवात कशी केलीस?"

"नमस्कार, आपल्या ऑर्डरसंदर्भात..."

"मग ठेवणारच. बँकवाल्यांसारखं बोलल्यावर काय होणार. आधी यंत्राचं विचारायचं असतं. माणूस स्वतःबद्दल सांगत नाही कुणाला, यंत्राबद्दल भरभरून सांगतो. दे मला नंबर."

नवा महिना सुरू झाला होता. रद्द ऑर्डरींचा आकडा पुन्हा शून्य होता. एक तक्रार गेली तरी परस्पर फोन केला म्हणून दुकानच जाऊ शकत होतं, नव्वद दिवसांसाठी नव्हे, कायमचं. ते कलम तिला पाठ होतं. नवरा कामावर गेला होता. बाहेरच्या पार्किंगमध्ये कुणीतरी काचेवरचं दव पुसत होतं. या क्षणी नाही म्हणायला तिला फार थोडी ताकद लागली असती, आणि तेवढीही तिच्यात उरली नव्हती. की हो म्हणायचंच होतं, कोण जाणे.

"थांबा," ती म्हणाली. "नंबर देत नाही. मी जोडते. तुमच्याच फोनवरून लागेल, मी मधे असेन. बोलणार नाही."

दुकानाच्या फोनच्या ॲपवर तिला इथे बसून काकांच्या नंबरावरून फोन जोडता येत होता. घंटा वाजली. बाईंनी लगेच उचलला; नंबर तिथलाच होता.

"बाई, तुमचा मिक्सर फिरताना घरघर करतो की कटकट?" काका म्हणाले.

बारकीने स्वतःचा माइक बंद असल्याची पुन्हा खात्री केली.

"कोण बोलतंय?"

"मिस्त्री. चाळीस वर्षं हेच काम केलंय. घरघर की कटकट?"

"कालच्या त्या परदेशातल्या बाईचे तुम्ही कोण?"

"काका."

"फसवी आहे ती."

"फसवी नाही हो. दमलेली आहे," काका म्हणाले. "चार वर्षं बघतोय मी. बरं, आता सांगा. भांडं नसताना लावून बघितलंत कधी? नुसती मोटर?"

"आधी कटकट करायचा," बाई सावकाश म्हणाल्या. "आता घरघर. आणि एका बाजूला सरकतो ओट्यावर."

"सरकतो. किती, बोटभर?"

"चांगला वीतभर."

"मग तो आज लावू नका. बंद आहे ना? प्लग काढा. मी थांबतो, काढून या."

पलीकडे चपलांचा आवाज दूर गेला. काका थांबले. बारकीही थांबली. तिचा चहा निवला होता, लेबलं छापायची राहिली होती, तिथे कुरियरवाला यायला अजून तास होता. बाई परत आल्या आणि म्हणाल्या, "काढला. आता?"