क्यूचा जोड

"सुपडूभाऊ, हिलवू नका ना! फोटो धुंधला येऊन राह्यला."

इतवारा मोहल्ल्यातल्या पूल पार्लरचा मालक प्रकाश मोबाइल धरून वाकला होता. सुपडूने पूल खेळायच्या काठीचा, क्यूचा, मागचा जाड भाग हातात धरला होता. त्याच्या टोकाला स्टीलची पिन होती, पुढचा निमुळता दांडा, म्हणजे शाफ्ट, बसवायची.

"बस झाले फोटो. इंदूरवाल्याला सांग, शाफ्ट पाठव म्हणा."

"असं कसं पाठवील? हर क्यूचा जोड अलग राहतो. पिन जाड की बारीक, चूडीचे आटे जवळजवळ की दूरदूर, हे न पाहता मागवला तं बसनारच नाही. पट्टी लावा, चूडी मोजू."

सुपडूने पिनेला पट्टी लावली. पट्टी स्टीलवर टकटक वाजू लागली. त्याने कोपर पोटाशी दाबलं, श्वास रोखला. टकटक थांबेना.

सिंधीपुऱ्यात त्याचं सलून होतं. सोमवारी दुकान बंद असलं, की पूल हाच त्याचा एक शौक. दिवाळीपासून नेम चुकू लागला, तसं त्याने सगळ्यांना सांगून टाकलं, शाफ्ट वाकला. घरी बायको झोपलेली असताना तो शाफ्ट फरशीवर लोळवून पाहायचा. शाफ्ट सरळ जायचा. मग त्याला वडील आठवायचे. शेवटी शेवटी त्यांच्या थरथरत्या हातात चमचा राहत नसे, आई भरवायची.

प्रकाशने क्यू त्याच्या हातातून घेतला आणि हिरव्या कापडावर ठेवून फोटो काढला. चूडीचा एकेक वेढा स्वच्छ दिसत होता. प्रकाशने तो इंदूरवाल्याला पाठवला.

थोड्या वेळाने मोबाइल वाजला. "जाड पिन, मोठी चूडी. माल आहे म्हणतो," प्रकाश म्हणाला. सहज म्हणून त्याने बाजूला ठेवलेला सुपडूचा जुना शाफ्ट टेबलावर ढकलला. तो कुठेही न उसळता पार कडेपर्यंत लोळत गेला.

"भाऊ, हा तं सीधा आहे."

"मालूम आहे."

"मग मागवू?"

"नको," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी चौधरी गुरुजी दाढीला आले. खुर्चीत बसून त्यांनी नेहमीसारखी मान मागे टाकली, डोळे मिटले. सुपडूने फेस लावला, वस्तऱ्यात नवं पातं घातलं. गळ्याची कातडी सैल झाली होती. तिच्याखाली एक शीर उडत होती. महिनाभर तो मनगट गिऱ्हाइकाच्या खांद्याला टेकवून निभावत होता. आज वस्तरा गळ्याजवळ नेला आणि पातं त्या शिरेवर थरथरताना दिसलं.

त्याने वस्तरा मिटला.

"गुरुजी, डोळे उघडा."

"काय झालं रे?"

"माझा हात हालून राह्यला. आजचा नाही, बऱ्याच दिवसांचा. तुमची दाढी मी नाही करनार."

आरशातून गुरुजींनी त्याच्याकडे पाहिलं. चेहरा फेसाने पांढरा.

"डॉक्टरला दाखवलं?"

"भेव वाटते."

सुपडूने टॉवेल गरम पाण्यात भिजवून पिळला. गुरुजींनी मान पुन्हा मागे टेकवली, डोळे मिटले, आणि सुपडू त्यांच्या गालावरचा फेस हळूहळू पुसू लागला.